फाटक नसलेल्या कामगारांची संघटना



कामगार चळवळीतली कुठलीही बैठक घ्या, पाच मिनिटं होत नाहीत तोच कुणीतरी म्हणतं, "संघटनेला आता माणसं मिळत नाहीत." पुढची कारणंही ठरलेली असतात. नवी पिढी आपल्यापुरतं बघते, मोबाइलमध्ये बुडालेली असते, वर्गणीचं नाव काढलं की मागे सरते. कामगारांच्या केसेस चालवण्यात आणि त्यांच्या सभा घेण्यात माझं आयुष्य गेलं, आणि हे निदान मला पटत नाही. ज्या कार्यकर्त्याच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो ते भाषणापेक्षा पावती पुस्तकाला जास्त मान देत. सभासदाचं पूर्ण नाव, गाव, कामाचं ठिकाण सुवाच्य अक्षरात लिहिल्याशिवाय ते पावती फाडत नसत. माझा आजचा विषय त्यांच्या या सवयीतूनच निघाला आहे.

संघटना नोंदीवर उभी राहते, असं मला म्हणायचं आहे. काम कुणी केलं, कुणासाठी केलं, किती दिवस केलं, त्याचे किती पैसे ठरले आणि किती हातात पडले, याची नोंद ज्याच्या ताब्यात असते त्याची बाजू वरचढ ठरते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कामाचं स्वरूप पालटलं म्हणजे बऱ्याच अंशी ही नोंद ठेवण्याची जागा पालटली. ज्या संघटना त्या नव्या जागेपर्यंत पोचल्या त्यांना माणसं मिळाली. बाकीच्या जुन्या फाटकावर उभ्या राहिल्या, आणि फाटकातून येणारी माणसं कमी होत गेली.

मुंबईच्या गिरणगावात नोंद आणि माणसं एकाच दाराने, गिरणीच्या फाटकाने, आत जात. भोंगा झाला की पाळी बदले, हजारो माणसं बाहेर येत आणि तितकीच आत जात. कार्यकर्ता स्टुलावर चढून दहा मिनिटं बोलला तरी खात्याखात्यांत बातमी पोचे. पगाराच्या दिवशी तिथेच वर्गणी गोळा होई. बदली कामगारसुद्धा सकाळी कार्ड घेऊन त्याच फाटकावर उभा असे. म्हणजे ज्याला आज काम नाही तोही संघटनेच्या नजरेसमोर असे. पाळी सुटल्यावर माणूस जाई गावकऱ्यांच्या खोलीत, भजनी मंडळात, तालमीत, आणि तिथेही त्याला संघटनेचीच माणसं भेटत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, तिला बळ मिळालं ते फाटकाइतकंच चाळींतून.

आणि त्याही आधी? नारायण मेघाजी लोखंड्यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन १८८४ ची. तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, म्हणून ती खरी संघटनाच नव्हे, असं त्या वेळच्या सरकारी अहवालात लिहिलं गेलं. पुढे इतिहासकारांनीही तेच उचललं. पण १८८४ साली लोखंड्यांनी जे निवेदन तयार केलं त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्याची सोय अशा त्यातल्या मागण्या. ज्यांची नावं फक्त गिरणीच्या वहीत होती त्यांनी पहिल्यांदा आपली नावं आपल्या कागदावर उमटवली. एप्रिल १८९० मधल्या सभेला दहा हजारांच्या आसपास माणसं जमली, दोन स्त्री कामगारही तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. सह्यांचा तो कागद हीच त्या संघटनेची सभासद यादी होती, असं मी मानतो.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप इथल्या अनेकांच्या घरातून गेलेला आहे, त्यामुळे तो मी पुन्हा सांगत बसत नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात उतरली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार ज्यांच्या मागे उभे होते त्या डॉ. दत्ता सामंतांना वाटाघाटीत बसायला कायद्याने जागा नव्हती. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसं पांगली. कुणी वॉचमन झाला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी भिवंडीच्या मागावर गेला, कुणी गावी. कामगार म्हणून त्यांची नोंद संपली, कष्ट मात्र तेच राहिले.

त्याच गिरणगावातल्या खानावळवाल्यांचा उल्लेख संपाच्या इतिहासात फार थोडा येतो, याचं मला वाईट वाटतं. पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक दहा बाय दहाच्या खोलीत, दोन वेळा, आणि वाण्याकडून आणलेल्या मालावर भारी व्याज. गिरण्या बंद पडत तेव्हा याच बायका कामगारांना उधारीवर जेवू घालत. गिरणीच्या मस्टरवर नाव नाही, म्हणून त्या कुठल्याच संघटनेच्या हिशेबात नव्हत्या. प्रेमा पुरव चळवळीतल्याच. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, पहिल्या १४ बायकांना बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराची गाठ सोडवली. संघटना ज्याला कामगार म्हणत नाही तोही कामगार असतो, हे तिथे स्वच्छ दिसलं.

आता पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांकडे चला. तिथे फाटक आहे, चांगलं भक्कम आहे. पण पाळी सुटताना गळ्यातल्या पट्ट्यांचे रंग बघा. कायम कामगाराचा एक, ठेकेदाराच्या माणसांचे दोन-तीन, शिकाऊ पोरांचा वेगळा, टेम्पररीचा आणखी वेगळा. एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभं राहून तोच बोल्ट आवळणारी ही मुलं. वर्षात २४० दिवस भरले की कायम होण्याचा दावा सांगता येतो, म्हणून सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात, आणि पोरगं पुढच्या प्लांटच्या रांगेत उभं राहतं. आत संघटना असते, दर तीन-चार वर्षांनी ती करार करते, करार चांगलाही होतो, पण तो होतो कायम असलेल्यांचा. अनेक संघटनांच्या घटनेत सभासदत्वाचं कलमच तेवढ्यांपुरतं आहे. हे मालकाने लिहिलेलं नाही, आपण लिहिलेलं आहे, आणि आपल्यालाच ते बदलायला हवं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणाऱ्या एकमेव संघटनेसाठी मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. मस्टरवर कोण, आणि मस्टरबाहेर किती, हा प्रश्न त्यामुळे आणखी निकडीचा झाला आहे.

फाटकाशिवाय संघटना कशी बांधायची याचं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधलेलं आहे. हमालाला फाटक कधीच नव्हतं. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, दुपारी दुसऱ्याच्या, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक. पाठीत उसण भरली तर जबाबदार कोण? व्यापारी ट्रकवाल्याकडे बोट दाखवी, ट्रकवाला व्यापाऱ्याकडे. मुंबईच्या बाजारांत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात हमाल पंचायतीमार्फत बाबा आढावांनी या माणसांना एकत्र केलं, आणि त्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला.

या कायद्याची कल्पना मला आजही थोर वाटते. मालक एकच असला पाहिजे हा हट्ट तिने सोडून दिला. सरकार, व्यापारी आणि कामगार यांचं मिळून एक मंडळ. व्यापाऱ्याने मंडळाकडे नाव नोंदवायचं, हमालांच्या टोळीनेही नोंदवायचं. टोळीच्या वहीत लिहिलं जातं की अमुक तारखेला, अमुक गाडीतून, अमुक गाळ्यावर इतक्या गोणी उतरल्या, थप्पी लावली, इतकी मजुरी झाली. व्यापारी ती मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ हमालाला मजुरी देतं, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी यांची सोय होते. दिवसाला पाच मालक झाले तरी अडत नाही, कारण काम झाल्याची नोंद एका ठिकाणी येते. त्या नोंदीच्या जोरावर, ज्याला मालक नाही असं म्हणत त्या माणसाला निवृत्तीच्या वेळी पैसे मिळाले.

या व्यवस्थेला कीडही लागली. माथाडीच्या नावाखाली काम न करता वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, उकळणारे निघाले, आणि त्यांच्यामुळे खरा हमाल बदनाम झाला. कित्येक टोळ्यांत नात्यागोत्याशिवाय शिरकाव कठीण, बायकांना तर फारच. नोंद ज्यांच्या हातात आली त्यांनी ती इतरांसाठी बंद केली की संघटनेचाच मुकादम होतो. कायदा मोडीत काढा असं यावरून म्हणणारे आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. वही उघडी करा, तपासा, टोळीची दारं उघडा.

हमाल पंचायतीने आणखी एक गोष्ट केली. १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू झाली आणि कष्टकऱ्याला परवडणाऱ्या दरात झुणका-भाकर मिळू लागली. संघटनेने खानावळ चालवायची का, त्यात लढ्याचं तेज कमी होत नाही का, असं आमच्या पिढीतले काही जण विचारत. माझं मत असं की सभासद संपाच्या दिवशी संघटनेचा असतो आणि उरलेल्या दिवशी सावकाराचा, अशी स्थिती असेल तर संपही टिकत नाही.

आता कचरावेचकांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण संघटना कशी वाढते हे मला तिथे सगळ्यात जवळून दिसलं. पुण्यात १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. या बायका मुख्यतः दलित समाजातल्या, आणि अनेक कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात पुण्याला आलेली. शिकवायला गेलेल्या या दोघींना बायकांनी सांगितलेली निकड वेगळी होती. उकिरड्यात हात घालण्याऐवजी घराघरांतून वेगळा केलेला माल मिळाला तर कमाई वाढेल आणि हात कापणार नाहीत. मे १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने परिषद भरली, ८०० हून जास्त कचरावेचक जमले आणि ही संघटना स्थापन झाली.

संघटनेने सर्वांत आधी काय मिळवलं? ओळखपत्र. पुणे महापालिकेने १९९६ मध्ये संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. इथे बसलेल्यांना त्यात विशेष वाटणार नाही. पण पहाटे साडेचारला कचराकुंडीपाशी उभ्या असलेल्या बाईला पोलिसाने हटकलं, गोणी उलटी करायला लावली, जवळपास चोरी झाली म्हणून चौकीत बसवून ठेवलं, हे नेहमीचं होतं. गयावया करून सुटायचं, नाहीतर त्या दिवसाची कमाई बुडायची. कार्ड आल्यावर ती पोलिसाला सांगू लागली की मी कामावर आहे. सोसायटीच्या वॉचमनलाही तेच. ते कार्ड मिळावं म्हणून बायका स्वतःहून संघटनेत आल्या, जावेला, नणंदेला घेऊन आल्या. सभासद भरती यापेक्षा वेगळी काय असते?

मग काटा. भंगारच्या दुकानात माल विकायला गेलेल्या बाईचं नुकसान तिथेच होतं. पुठ्ठा ओला म्हणून वजन तोडायचं, कडक प्लास्टिक आणि दुधाच्या पिशव्या एकत्र करून हलका भाव लावायचा, वर काटा मारायचा. आणि उचल त्याच दुकानदाराकडून घेतलेली, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. संघटनेने स्वतःचं भंगारचं दुकान काढलं, खरा काटा ठेवला, लेखी पावती द्यायला सुरुवात केली. पतसंस्था काढली, म्हणजे उचलीची गरज कमी झाली. मुलांच्या वह्यापुस्तकांपासून महापालिकेकडून मिळवलेल्या आरोग्य विम्यापर्यंत सगळं हळूहळू येत गेलं. यातलं काहीच फुकट वाटलेलं नव्हतं. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या सभासदाचा तो हक्क होता, आणि ती वर्गणी वसूल करायला वस्तीवस्तीत त्यांच्यातल्याच प्रतिनिधी बायका जात. सेवा देणारी संघटना धर्मादाय संस्था होऊन बसते असा आक्षेप घेतात, त्याचं उत्तर या वर्गणीत आहे. पैसे भरणारी बाई सभेत उठून हिशेब विचारते.

पुढे घनकचऱ्याचे नियम बदलले आणि दारोदारचा कचरा उचलण्याचे ठेके मोठ्या कंपन्यांना जाणार हे दिसू लागलं. संघटनेने माहिती जमवली. बायका किती टन माल पुनर्वापरासाठी वळवतात, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, हे मोजून मांडलं. त्या आकड्यांवर उभं राहून २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून कामाला लागली. तीच बाई आता संघटनेत कामगार आणि सहकारी संस्थेत मालकीण. या दोन भूमिकांत ओढाताण होते, कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी दर वेळेला जीव टांगणीला लागतो. तरीही उकिरड्यावरच्या बाईला नागरिकाच्या दारापर्यंत, तिच्या हक्काच्या मासिक शुल्कापर्यंत आणणं ही या शहरातल्या कामगार चळवळीची मोठी कमाई आहे.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वेगळा मार्ग धरला, कोर्टाचा. ठेक्यांचे तुकडे असे पाडले जात की एकेका ठेकेदाराकडे वीसपेक्षा कमी माणसं राहावीत, म्हणजे ठेका कामगार कायदा लागूच होऊ नये. वर्षानुवर्षं लढून २७०० कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा निकाल एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. आणि त्यानंतरही कित्येकांची नेमणूक अडली, कारण यादीतलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळेना. यादी करणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलेलं. कुणाचं आडनाव गाळलेलं, कुणाच्या वडिलांचं नाव चुकलेलं. एका वेलांटीपायी वीस वर्षांच्या लढ्याचं फळ अडून राहिलं. वकील म्हणून मला या गोष्टीचा जितका संताप आला तितका क्वचितच कशाचा आला असेल.

आणि आता ॲपवरच्या ऑर्डरी घरोघर पोचवणारी मुलं. रात्री अकराला, या ऑर्डरी जिथून सुटतात त्या कुठल्याही डार्क स्टोअरबाहेर जा. गाड्या स्टँडला लावून, त्यांच्यावरच बसून, मोबाइलकडे बघत ती थांबलेली असतात. एकाने मला स्क्रीन दाखवला. किती ऑर्डर पडल्या, किती किलोमीटर झाले, इन्सेंटिव्हला किती कमी पडतात, सगळं होतं. तो तिथे दोन तास थांबला होता, त्याची नोंद कुठेच नव्हती. पेट्रोल नाही, गाडीचा हप्ता नाही. रेट कार्ड कालपासून बदललं होतं, का ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मित्राची आयडी ब्लॉक झाली होती. गिरणीतून काढलं की निदान कागद हातात पडे, इथे सकाळी लॉगिन होत नाही, एवढंच. इतकी बारीक नोंद ठेवलेला कामगार इतिहासात झाला नसेल, आणि त्या नोंदीतली एक ओळही त्याच्या ताब्यात नाही.

ही मुलं संघटनेकडे येत नाहीत हे खोटं आहे. आयडी ब्लॉक झाली की येतात, अपघात झाला की येतात, मध्यरात्री व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात आणि अर्ध्या तासात वीस जण हॉस्पिटलच्या दारात उभे राहतात. पुढे त्यांना धरून ठेवणारं काही आपल्याकडे नसतं. आपलं सभासदत्व एका कंपनीशी बांधलेलं, आणि तो तीन ॲपवर एकदम काम करतो, चार महिन्यांनी बंगळुरूला जातो. आपलं पत्रक मराठीत, आणि तो बिहारचा किंवा ओडिशाचा. आपलं कार्यालय सहाला बंद होतं, आणि त्याची गर्दीची वेळ सातला सुरू होते. सभासदत्व माणसाला द्या, कंपनी बदलली तरी चालू राहील असं. वर्गणी महिन्याला थोडी, मोबाइलवरून, पण पावतीसकट. १९७२ मध्ये अहमदाबादेत 'सेवा' नोंदवायला गेलेल्या इला भट्टांना, मालक नाही तर संघटना कसली, असं विचारलं गेलं होतं. कामगारांच्या एकीसाठी संघटना असते, समोर मालक असलाच पाहिजे असं नाही, हे त्यांनी पटवून दिलं आणि नोंदणी मिळवली. तो प्रश्न आता नव्याने विचारला जातो आहे, आणि उत्तर तयार आहे.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा, म्हणजे गिग, कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांचा अंदाज दिला. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या आली, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे असं कलमही आलं. राजस्थानने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. प्रत्येक व्यवहारावर ठरावीक टक्के कल्याण शुल्क, त्रिपक्षीय मंडळ, कामगाराची नोंदणी. हे ऐकून तुम्हाला गाळा, टोळी आणि लेव्ही आठवली असेल, आणि ते बरोबरच आहे. कर्नाटकाच्या कायद्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना आहे. ज्या राज्याने १९६९ मध्ये ही वाट काढली त्याने असा कायदा अजून का करू नये? महाराष्ट्रात तो होईल तेव्हा आपण पैशांइतकाच जोर नोंदीवर द्यायला हवा. लॉगिनचे तास, थांबण्याचा वेळ, कापलेली रक्कम आणि ब्लॉक करण्याचं कारण यांची प्रत मंडळाकडे आणि कामगाराकडे गेलीच पाहिजे.

कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही. शहराच्या दोन भागांत आम्ही रात्री नऊ ते अकरा संघटनेचं कार्यालय उघडं ठेवायला सुरुवात करतो आहोत. येणाऱ्या मुलाने मोबाइल दाखवायचा, आणि आपण तारीख, तास, ऑर्डरी, किलोमीटर, पेट्रोल आणि हातात आलेले पैसे उतरवून घ्यायचे, त्याची प्रत त्याला द्यायची. अशी नोंद वर्षभर सलग झाली तर कामगार आयुक्तांकडे जाताना कंपनीच्या आकड्यांपुढे ठेवायला आपले आकडे असतील. त्यासाठी आठवड्यातून दोन रात्री देऊ शकणारी, हिंदीत नीट बोलणारी आणि नावं विचारून, पुन्हा विचारून, अचूक लिहिणारी माणसं हवी आहेत. प्रश्नोत्तरं झाल्यावर मी इथेच थांबतो आहे, ज्यांना यायचं असेल त्यांनी भेटावं.